हातांत उतरलेलं दुःख

आज आम्ही सांगणार आहोत एका चित्रकार आईची गोष्ट. तिचं नाव केटे कोल्वित्झ. प्रशियात १८६७ साली जन्मलेली केटे १८९१ मध्ये लग्न होऊन बर्लिनच्या कामगार वस्तीत आली. नवरा डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात येणाऱ्या थकल्याभागल्या बाया ती रोज पाहायची आणि त्यांनाच कागदावर उतरवायची.

तिचं बरंचसं काम रंगांवाचूनच आहे, काळ्या-पांढऱ्यात. माणसाचं देखणेपण तिने शोधलंच नाही. वाकलेली पाठ, खाली गेलेली मान आणि कष्टाने रुंद झालेले हात, एवढ्यातून ती सगळं सांगते. चेहरा झाकलेला असला तरी त्या हातांकडे पाहून आपल्याला कळतं, की ही बाई रडते आहे.

१९०३ मध्ये तिने मेलेल्या मुलाला कवटाळणारी आई काढली. त्यासाठी सात वर्षांच्या पेटरला, आपल्या धाकट्या लेकाला, मांडीवर घेऊन ती आरशासमोर बसली होती.

अकरा वर्षांनी महायुद्ध पेटलं. अठरा वर्षांच्या पेटरला सैन्यात जायचं होतं. त्याला वडिलांची परवानगी हवी होती आणि वडील तयार नव्हते. केटेनेच लेकाची बाजू घेतली. ऑक्टोबर १९१४ मध्ये पेटर बेल्जियममध्ये मारला गेला.

आपणच त्याला जाऊ दिलं, हा सल घेऊन ती त्याच्या स्मारकाला लागली. आधी तिच्या मनात आडवा पडलेला मुलगा आणि दोन्ही बाजूंना आईबाप असं होतं. पुढे तिने मुलाला काढून टाकलं. उरले फक्त आईबाप, वेगवेगळ्या चौथऱ्यांवर गुडघे टेकलेले. बापाने स्वतःलाच घट्ट आवळून धरलंय, आई पार वाकली आहे. मुलगा तिथे नाही, म्हणूनच तो जास्त जाणवतो. १९३२ मध्ये हे पुतळे बेल्जियममधल्या त्या सैनिकी दफनभूमीत उभे राहिले. मधे अठरा वर्षं गेली होती.

१९३३ मध्ये नाझींनी तिला कला अकादमी सोडायला लावली. १९४२ मध्ये नातूही युद्धात गेला. त्याचंही नाव पेटरच. एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपायला थोडेच दिवस उरले असताना, ती वारली.

मैत्रिणींनो, लढायांच्या इतिहासात आपण सनावळ्या आणि सेनापती वाचतो. मागे राहिलेल्या आयांचा इतिहास केटेने हातांच्या चित्रांत लिहून ठेवला. तो वाचायला अक्षरओळखही लागत नाही.