तलाइंग

तलाइंग : म्यानमारच्या (ब्रह्मदेशाच्या) दक्षिण भागातील मोन लोकांचे जुने इंग्रजी नाव. ते ब्रह्मी भाषेतून इंग्रजीत आले आणि ब्रिटिश अमदानीतील सरकारी अहवालांतून व गॅझेटियरांतून रूढ झाले. त्याआधीचे युरोपीय लेखक पेगू शहरावरून या लोकांना ‘पेगुअन’ म्हणत. मोन लोकांनी मात्र स्वतःला तलाइंग कधीच म्हणवून घेतले नाही. ते या नावाला अपमानास्पद मानतात.

नावाच्या उगमाबद्दल दोन मते प्रसिद्ध आहेत. ब्रह्मदेशाचे इतिहासकार व ब्रिटिश प्रशासक आर्थर फेअर यांनी त्याचा संबंध ‘तेलिंग’, म्हणजे तेलंगण प्रदेशाशी जोडला. मराठीतील ‘तैलंग’ शब्द याच प्रदेशनामाशी निगडित आहे. बंगालच्या उपसागरापलीकडे चालणारा जुना व्यापार पाहता हे मत आकर्षक वाटते. तरी ते निर्विवाद नाही. दुसरे मत मोन लोकांत प्रचलित आहे. त्यानुसार नावाचा अर्थ ‘पायाखाली तुडवलेले’ असा असून, ब्रह्मी राजा आलाउंगपाया याने 1757 मध्ये पेगू जिंकल्यावर ते पराभूतांना चिकटवले गेले. हे नाव त्याच्या कितीतरी आधीच्या ब्रह्मी लेखांत आढळत असल्याने ही व्युत्पत्ती टिकत नाही. पण नावाविषयीचा रोष केवळ तिच्यावर उभा नाही. पेगूच्या पाडावाबरोबर मोनांचे शेवटचे स्वतंत्र राज्य संपले आणि असंख्य कुटुंबांनी सयाममध्ये आश्रय घेतला. पुढे इंग्रजांनीही त्यांना ओळखले ते जेत्यांनी वापरलेल्या नावाने. म्हणून व्युत्पत्ती चुकीची ठरली तरी मोनांचा आक्षेप रास्तच आहे.

ज्यांना हे नाव दिले गेले, त्यांचे ब्रह्मी संस्कृतीवरील ऋण मोठे आहे. थेरवाद बौद्ध धर्म ब्रह्मी समाजात रुजवण्यात मोन भिक्षूंचा मोठा वाटा होता. ब्रह्मी लिपीही मोन लिपीवरून घडली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पगान येथील बाराव्या शतकाच्या प्रारंभीच्या म्याझेदी शिलालेखात पाली, प्यू आणि ब्रह्मी यांच्या जोडीने मोन भाषेलाही स्थान आहे. ही भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळातील असून ख्मेर भाषेची नातलग आहे. ब्रह्मी भाषा मात्र तिबेटी-ब्रह्मी गटात मोडते. जुन्या मोन लेखांत या लोकांचे नाव ‘र्मञ’ या धर्तीवर येते. पाली ग्रंथांतील ‘रामञ्ञदेस’ हे त्यांच्या देशाचे नाव त्याच्याशीच जुळते.

नावातील बदल रॉबर्ट हॅलिडे या मिशनरी अभ्यासकाच्या ग्रंथांवरून स्पष्ट दिसतो. 1917 मध्ये रंगूनहून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या शीर्षकात ‘तलाइंग’ आहे. 1922 च्या शब्दकोशाच्या शीर्षकात ‘मोन’. विसाव्या शतकात मोन नेत्यांनी जुन्या नावाविरुद्ध सरकारकडे दादही मागितली. 1974 च्या संविधानानुसार स्थापन झालेल्या राज्याला ‘मोन राज्य’ हेच नाव मिळाले. मौलमीन (मॉलम्याइन) ही त्याची राजधानी आहे.