अंगावर काटा आणणारी कंपनी: महाराष्ट्र फिल्म कंपनीची वाटचाल

किशोरांच्या भयकथा आणि त्यांवरचे चित्रपट म्हटलं की आर. एल. स्टाइन यांची १९९२ साली सुरू झालेली ‘गूजबम्प्स’ ही पुस्तकमालिका आणि तिच्यावरचा २०१५चा चित्रपट डोळ्यांसमोर येतो. पण लिहिलेली गोष्ट पडद्यावर आणून प्रेक्षकाला घाबरवण्याची विद्या कोल्हापूरने शंभर वर्षांपूर्वीच कमावली होती. ती ज्या संस्थेत कमावली, ती बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी.

नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंना सिनेमाचं वेड लागलं, तेव्हा त्यांच्याकडे कॅमेराही नव्हता. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी आपल्या शिष्यांच्या, विशेषतः दामले यांच्या, साथीने कॅमेरा तयार केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवलाला हात दिला आणि कंपनी उभी राहिली.

१९२०चा ‘सैरंध्री’ हा पहिला चित्रपट. विषय खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकाचा. ब्रिटिश सरकारने बंदी घातलेल्या नाटकाचा. भीमाने कीचकाला ठार मारण्याचं दृश्य इतकं खरं उतरलं, की प्रेक्षक हादरले आणि पुढे त्या दृश्याला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं.

१९२३ साली हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून ‘सिंहगड’ निघाला. कथेतली गडावरची चढाई रात्रीची, आणि त्या काळचं चित्रीकरण सूर्याच्या भरवशावर. कंपनीने कृत्रिम प्रकाशाचा वापर करून रात्र पडद्यावर आणली. अंधार उभा करायलाही उजेडच लागतो, हे भयपटाचं पहिलं गणित तिथे सुटलं.

१९२५चा ‘सावकारी पाश’ नारायण हरि आपटे यांच्या कथेवरचा. त्यात ना भूत, ना राक्षस. दूरवरून टिपलेली एक उदास झोपडी, मंद उजेड आणि रडणारं कुत्रं. चित्रपट मूक होता, तरी ते कुत्रं पाहणाऱ्यांच्या कानांत घुमलं. कर्जापायी शेतकऱ्याचं घर बुडणार, ही धास्ती एवढ्यावर उभी राहिली. तो शेतकरी साकारला होता कंपनीतल्याच तरुण शांतारामांनी.

१ जून १९२९ रोजी कंपनीतल्याच दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच ‘प्रभात’ ही नवी चित्रपटसंस्था सुरू केली. बिनीचे शिलेदार गेल्यावर मूळ कंपनी फार काळ तग धरू शकली नाही. पण विद्या पुढे गेली: पुण्याला हललेल्या प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) पडदाभर दिसणारे अभिनेते चंद्रमोहन यांचे डोळे त्याच तालमीचे.

पुस्तकातून पडद्यावरची ही वाट मराठीत अजून वाहती आहे. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ २०१७ मध्ये चित्रपटात आला. २०१८च्या ‘तुंबाड’ या हिंदी भयपटामागेही मराठी भयकथाकार नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा होती. तरी धारप आणि मतकरी यांच्या भयकथा चोरून वाचत मोठ्या झालेल्या पिढीच्या मुलांसाठी मराठीत भयपटांची सलग मालिका नाही. कोल्हापुरात चित्रनगरी आहे आणि खरी कॉर्नरला कंपनीची आठवण सांगणारा कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. तिथे दरवर्षी हार जरूर घालावा. पण बाबूरावांना खरी मानवंदना द्यायची, तर इथल्या तरुणांनी एक मराठी भयकथा उचलावी आणि ती चौदा वर्षांच्या वाचकासाठी चित्रित करावी.