पर्सिस्टंट व्हॉल्यूमचं मूळगाव

कुबरनेटिसवर चालणाऱ्या ॲपला टिकाऊ साठवण हवी असेल तर एक छोटी फाइल लिहून द्यावी लागते. तिचं पूर्ण नाव पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम. बोलताना सगळे पीव्हीसी म्हणतात. किती जागा हवी, एकट्याला हवी की वाटून चालेल, आणि कोणत्या दर्जाची हवी, एवढंच तिच्यात असतं. दर्जाच्या जागी जे नाव येतं तो स्टोरेज क्लास. ही फाइल आयबीएमच्या मेनफ्रेमवर काम केलेल्या माणसापुढे ठेवा. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत वायटूकेच्या काळात जेसीएल, म्हणजे मेनफ्रेमला जॉब सांगायची भाषा, शिकलेली एक अख्खी पिढी आहे, तेव्हा असा माणूस शोधायला लांब जावं लागणार नाही. तो पहिल्यांदा स्टोरेज क्लासच्या ओळीवर बोट ठेवेल. त्याच्या जेसीएलमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ‘स्टॉरक्लास’ नावाचा पॅरामीटर आहे आणि त्याचं काम हेच आहे. कोणती डिस्क ते सांगायचं नाही, कोणत्या दर्जाची हवी ते सांगायचं.

या एका नावाचा माग काढत मागे गेलं की माणूस १९६४ला पोचतो. क्लाउडवरच्या टिकाऊ साठवणीचं कूळ सहसा युनिक्सशी जोडतात. माझं ठाम मत आहे की ते आयबीएमच्या पंचकार्डापाशी निघतं.

अलीकडचे टप्पे सर्वांना माहीत आहेत: २००६च्या मार्चमध्ये ॲमेझॉनची एसथ्री आणि ऑगस्टमध्ये ईसीटू, २००८मध्ये ईबीएस, २०१३मध्ये डॉकर, २०१४मध्ये कुबरनेटिस. टिकाऊ साठवणीची गरज मात्र सर्वांत स्पष्ट झाली ती ॲप चालवून देणाऱ्या हेरोकू या क्लाउड सेवेमुळे. तिथे ॲप ‘डायनो’ नावाच्या डब्यात चालतं आणि तो डबा दिवसातून एकदा तरी नव्याने सुरू होतो. त्यात लिहिलेल्या फाइली तेव्हा जातात. हा दोष नव्हता, ठरवून केलेली रचना होती. हेरोकूच्या ॲडम विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’मध्ये तिची तत्त्वं मांडली: प्रोसेसने स्वतःजवळ काही राखू नये, टिकवायचं ते बाहेरच्या सेवेत ठेवावं. तत्त्व चांगलं आहे, पण जगातलं बरंचसं सॉफ्टवेअर फाइल उघडून तीत लिहिणारं आहे. डेटाबेस तर तसाच चालतो. त्याला एसथ्रीशी एचटीटीपीवरून बोलायला लावायचं म्हणजे तो नव्याने लिहायचा. म्हणून क्षणभंगुर डब्याला टिकाऊ डिस्क जोडायची सोय हवी झाली, आणि ती जोडणी मागायची कशी हा प्रश्न उभा राहिला.

या प्रश्नाचं उत्तर आधी एकदा दिलं गेलं होतं.

आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली ती ७ एप्रिल १९६४ रोजी. तिच्यासोबतच्या २३११ डिस्क ड्राइव्हमध्ये तबकड्यांचा काढता-घालता येणारा गठ्ठा बसे आणि त्यात सुमारे ७२.५ लाख बाइट मावत. अशा गठ्ठ्याला, तसंच टेपच्या रिळाला, आयबीएमने व्हॉल्यूम म्हटलं. प्रत्येकावर सहा अक्षरी क्रमांकाचं लेबल असे. जॉब सुरू होताना जो व्हॉल्यूम लागणार तो चढवण्याची सूचना ऑपरेटरच्या कन्सोलवर येई आणि माणूस जाऊन तो चढवी. आता तोच व्हॉल्यूम आज या ड्राइव्हवर, उद्या दुसऱ्या. डेटाचा पत्ता प्रोग्रॅमच्या आत लिहून कसं चालेल? म्हणून ओएस/३६०ने तो बाहेर काढला. प्रोग्रॅमला फक्त एक टोपणनाव ठाऊक असायचं, आणि ते नाव खऱ्या डेटाशी जोडायचं काम जेसीएलच्या एका कार्डावर व्हायचं. तेच डीडी कार्ड.

या कार्डावरचे पॅरामीटर एकेक करून पीव्हीसीशेजारी ठेवले की साम्य डोळ्यांत भरतं. ‘स्पेस’मध्ये जागा मागायची. ‘डिस्प’मध्ये ‘ओल्ड’ लिहिलं तर डेटा एकट्याचा, ‘एसएचआर’ लिहिलं तर वाटून. कुबरनेटिसमध्ये ही निवड रीडराइटवन्स आणि रीडराइटमेनी या नावांनी येते. वन्स मूळचा एका यंत्रापुरता, ओल्ड एका जॉबपुरता, एवढा फरक. काळजी एकच, दोघांनी एकाच वेळी लिहून डेटा बिघडवू नये. डिस्पच्याच दुसऱ्या जागी ‘कीप’ किंवा ‘डिलीट’ लिहायचं, म्हणजे काम संपल्यावर डेटाचं काय करायचं ते. कुबरनेटिसमध्ये व्हॉल्यूमवर रिक्लेम पॉलिसी असते आणि तिच्या किमती आहेत रिटेन आणि डिलीट. नावापुढे दोन अँपरसँड लावलेला डेटासेट जॉबबरोबर मरायचा. कुबरनेटिसमध्येही पॉड, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट, गेला की त्याची तात्पुरती जागा, एम्प्टीडिर, जाते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो यापुढचा दुवा. डीडी कार्डावर व्हॉल्यूमचा क्रमांक देणं सक्तीचं नव्हतं. आयबीएमच्या परिभाषेत क्रमांक दिला तर ती ‘स्पेसिफिक’ मागणी, न दिला तर ‘नॉनस्पेसिफिक’. क्रमांक न देता ‘युनिट’मध्ये ‘सिसडीए’ असं गटाचं नाव लिहिलं की त्या गटातली जागा सिस्टिम स्वतः शोधून देई. गटात कोणती उपकरणं मोडतात ते त्या त्या कॉम्प्युटर सेंटरचे लोक ठरवत. कुबरनेटिसने २०१५च्या पहिल्या आवृत्तीत व्यवस्थापकाने आधी तयार केलेले व्हॉल्यूम मागणीशी जुळवले, आणि २०१७च्या १.६ आवृत्तीत स्टोरेज क्लासवरून नवा व्हॉल्यूम आपोआप घडवण्याची सोय पक्की झाली. मागणारा आणि पुरवणारा यांच्यात उभं राहणारं नाव दोन्हीकडे आहे, आणि पीव्हीसीची सारी करामत त्या नावात आहे.

युनिक्सवाल्यांचा आक्षेप इथे येतो आणि तो वजनदार आहे. माउंट हा कमांड युनिक्सच्या १९७१च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये आहे. रिची आणि थॉम्प्सन यांनी १९७४च्या लेखात त्याचं काम समजावलं: झाडाच्या एका पानाच्या जागी दुसरं अख्खं झाड बसवायचं. कंटेनरच्या आतून जे दिसतं ते नेमकं हेच आहे, आणि हा हक्क युनिक्सचाच. पण युनिक्सचं माउंट काही मागत नाही. डिस्क हाताशी आहे असं धरून ते चालतं. प्रोग्रॅम संपल्यावर डेटाचं काय, कुणाबरोबर वाटायचा, कोणत्या दर्जाचा, यातलं काही त्याला ठाऊक नाही. जोडणीची शेवटची वीत युनिक्सची, मागणीचा कागद आयबीएमचा, अशी वाटणी मी करतो.

दुसरा दावा ‘स्टोरेज क्लास’ या नावावर आहे. सी भाषेत स्टोरेज क्लास आहेत: ऑटो फंक्शनबरोबर नाहीसा होतो, स्टॅटिक टिकून राहतो. क्षणभंगुर आणि टिकाऊ हीच जोडी तिथे असल्याने हे मूळ मोहक वाटतं. मात्र सीच्या आधी आयबीएमच्या पीएल/वनमध्ये ऑटोमॅटिक आणि स्टॅटिक हे स्टोरेज क्लास होतेच, आणि दोन्ही भाषांत क्लास सांगतो आयुष्य किती ते. कुबरनेटिसचा स्टोरेज क्लास सांगतो सेवा कशी ते. तो अर्थ मेनफ्रेमची साठवण सांभाळणाऱ्या डीएफएसएमएसचा. आयबीएमच्या त्या व्यवस्थेत स्टोरेज क्लास वेग आणि उपलब्धता ठरवी, मॅनेजमेंट क्लास बॅकअप आणि मुदत बघे. कुबरनेटिसने दोन्ही एका नावात कोंबली. शिवाय डीएफएसएमएसमध्ये जॉबने क्लास लिहिला नाही तर व्यवस्थापकाने लिहिलेले नियम तो ठरवत. पीव्हीसीत क्लास नसेल तर डीफॉल्ट क्लास बसतो, आणि तो व्यवस्थापकानेच नेमलेला असतो.

एसथ्रीतही स्टोरेज क्लास आहेत, म्हणून नाव तिथून आलं असंही म्हणता येईल. पण एसथ्रीत क्लास वस्तूवर चिकटवलेला असतो. व्हॉल्यूम घडवण्याचा साचा तो नव्हे. माझ्या मते हे नाव मेनफ्रेमच्या खोलीतून साठवण सांभाळणाऱ्या माणसांबरोबर बाहेर आलं. व्हीएमवेअरने २०११च्या व्हीस्फिअर ५मध्ये साठवणीचे ‘प्रोफाइल’ आणले, आणि कुबरनेटिसचे दस्तऐवज स्टोरेज क्लासची ओळख करून देताना इतर व्यवस्थांत यालाच प्रोफाइल म्हणतात असं नोंदवतात. वाटेतला मुक्काम मी तिथेच धरतो.

ओएस/३६०चे सूत्रधार फ्रेड ब्रूक्स यांनी पुढे जेसीएलवर फार कठोर शब्दांत टीका केली. भाषा म्हणून ती खरोखर जाचक आहे. तिच्या कार्डावरचे प्रश्न मात्र इतके नेमके होते की कुबरनेटिस अजून त्यांच्या मागून चाललेलं दिसतं. २०२१च्या १.२३ आवृत्तीत स्टेटफुलसेटला, म्हणजे टिकाऊ डेटा बाळगणाऱ्या पॉडांच्या संचाला, पीव्हीसी राखायचे की पुसायचे हे सांगणारे दोन खण मिळाले: एक सेट काढून टाकला तर, दुसरा त्याची संख्या कमी केली तर. डिस्पमध्ये याखेरीज आणखी एक जागा आहे. जॉब नीट संपला तर डेटा ठेव, मधेच पडला तर पुसून टाक, हे तिथे लिहिता येतं. पडलेल्या कामाच्या अर्धवट डेटाचं काय करायचं हे विचारणारा खण पीव्हीसीत आज नाही. माझा अंदाज, पुढचा खण तोच असेल.