चर खणायला पैसे मिळाले, पाऊस मोजायला?

पगाराच्या स्लिपवर ‘पीटी’ नावाची एक ओळ असते. दर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. नोकरीला लागल्यावर दोनेक वर्षं मी तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. इन्कम टॅक्सपुढे ती किरकोळच. मग एका रविवारी पुण्याहून हिवरे बाजारला जाऊन आलो, त्यानंतर मिळेल ते वाचत सुटलो, आणि कळलं की तिथल्या डोंगरावरचे चर आणि माझ्या स्लिपवरची ही ओळ यांचं मूळ एकच आहे.

गोष्ट १९७२ च्या दुष्काळाची. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडायची कामं, सगळं आठवेल. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यात त्याआधीपासून एक कल्पना होती: जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचं. दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. पण मजुरी द्यायची कुठून? त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदारांनी आणि धंदेवाल्यांनी कर भरायचा, त्यात सरकारने भर घालायची, आणि त्यातून खेड्यातल्या हाताला काम मिळायचं. देशात मनरेगा आली ती २००५ मध्ये. आपण तीसेक वर्षं आधी हे करून बसलो होतो, तेही स्वतःच्या पैशाने.

हिवरे बाजारची कथा बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून भरभर सांगतो. नगर तालुक्यातलं अवर्षणग्रस्त गाव, पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर. बहात्तरनंतर गाव पांगलं, दारू वाढली. १९८९ मध्ये एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे पोपटराव पवार सरपंच झाले. नव्वदच्या दशकात गाव आदर्श गाव योजनेत आलं: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान वगैरे. डोंगरावर सलग समतल चर निघाले, नाल्यांवर बांध पडले, विहिरींना पाणी आलं, माणसं परत आली. २०२० मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

या कथेत श्रमदानाचे फोटो असतात, पैशाचा विषय नसतो. श्रमदान झालंच, पण मोठं काम रोजगार हमीच्या पैशातून झालं. सुमारे हजार हेक्टरवर, साधारण ४२ लाख रुपये. म्हणजे मुंबईतल्या कुणा बँक क्लार्कच्या पगारातून कापलेले थोडे रुपये या डोंगरात मुरले आहेत. मला हे भारी वाटतं. त्या क्लार्कला कधी कुणी सांगितलं असेल का?

आता माझ्या कामाशी जुळणारा भाग. रोजगार हमीवर प्रत्येक चर मोजला जायचा. लांबी, रुंदी, खोली. कारण मजुरी कामाच्या मापावर ठरायची. मोजमाप पुस्तिकेत घनमीटर चढले की पैसे निघत. त्या चरात पाणी किती मुरलं, हे मात्र कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं. आमच्या क्षेत्रातही असंच चालतं. नवीन फीचरला बजेट लगेच मिळतं, मॉनिटरिंगला ‘पुढच्या क्वार्टरला बघू’.

हिवरे बाजार वेगळं ठरलं ते इथे. भूजल विभागाच्या मदतीने गावाने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पर्जन्यमापक बसले, विहिरींची पातळी मोजली जाऊ लागली. हिशोब साधा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. गावाचं क्षेत्र हजार हेक्टरच्या जरा आत, म्हणजे एक मिलिमीटरला जवळजवळ एक कोटी लिटर. त्यातून वाहून गेलेलं आणि बाष्प होऊन उडालेलं वजा करायचं, आधी माणसं-जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, आणि उरलेल्यावर ग्रामसभेत पिकं ठरवायची. पाऊस कमी तर उन्हाळी पीक नाही. ऊस नाहीच, शेतीसाठी बोअरवेलही नाही.

पण एका गावाच्या नोंदींतून खोऱ्याचं उत्तर मिळत नाही. नगर तालुका दोन खोऱ्यांच्या सीमेवर आहे. एका अंगाचं पाणी गोदावरीकडे जातं, दुसऱ्या अंगाचं सीनेतून भीमेला. वरच्या गावांनी पाणी अडवलं की खालच्यांना किती कमी मिळतं? पाऊस तेवढाच, पण चार दिवसांत कोसळून गेला, तर जुन्या मापाचे चर पुरतील का? हे सांगायला लहान ओढ्यांवरही प्रवाहमापक हवेत, आणि हवामानाचं ‘सरासरी’ म्हणायला जगभर तीस वर्षांच्या नोंदी धरतात.

तीस वर्षं. आणि पैसे येतात ते प्रकल्पांचे. जागतिक बँकेच्या कर्जातला हायड्रॉलॉजी प्रोजेक्ट १९९५ च्या सुमारास सुरू झाला, संपला; दुसरा टप्पा २००६ मध्ये आला, संपला; २०१६ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प आला, सुमारे ३,६८० कोटींचा. अटल भूजल योजनेत गावोगावी पाण्याचा ताळेबंद आला, म्हणजे हिवरे बाजारचीच सवय. सहा हजार कोटींतले निम्मे कर्जाचे, मूळ मुदत पाच वर्षं. याच जिल्ह्यात अकोले-संगमनेर भागात ‘वॉटर’ संस्थेने २००९ पासून हवामान बदलाशी जुळवून घेण्याचं काम केलं, गावांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली. त्यात नाबार्डबरोबर स्वित्झर्लंडच्या सरकारी संस्थेचाही पैसा होता.

यातल्या कुणाला नावं ठेवायची नाहीत. पण बहात्तरने आपल्याला मजुरीसाठी कायमचा कर दिला. मोजणीसाठी तसं काही कधी झालं नाही. सेन्सर बसवताना नारळ फुटतो, सोलर पॅनलवरची धूळ पुसायला आणि दर वर्षी कॅलिब्रेशन करायला पैसे नसतात. मधली दोन वर्षं डेटा गेला, की तो परत आणता येत नाही. बॅकअप नसलेला सर्व्हर उडाल्यावर आम्ही निदान दोन दिवस शोक तरी करतो.

माझा हिशोब असा: दहा वर्षांच्या नोकरीत मी पीटीचे २५,००० भरेन. त्यातले वर्षाला शंभर रुपये कायद्याने भीमेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यातल्या मापकांसाठी, आणि ते वाचणाऱ्या माणसांच्या मानधनासाठी राखून ठेवले तर माझी हरकत नाही. त्यांचा पावसाचा आकडा रोज सकाळी साडेआठला घ्यायचा असतो. त्या वेळी मी बहुधा कंपनीच्या बसमध्ये असतो.