रक्ताभिसरणाच्या शोधाचा इतिहास : गॅलेनची छिद्रे आणि हार्वेची मोजणी

प्रस्तावना

परिचर्या अभ्यासक्रमाच्या प्रथम वर्षात शरीरशास्त्राच्या वहीत हृदयाची आकृती काढली जाते. महानीला, उजवे अलिंद, उजवे निलय, फुप्फुसे, डावे अलिंद, डावे निलय, महारोहिणी या क्रमाने निळे व तांबडे बाण दाखविले जातात आणि विद्यार्थिनी तो क्रम पाठ करतात. आकृती इतकी सुबोध असते की, हे सत्य मानवास प्रथमपासून ज्ञात असावे असा समज सहज होतो. वस्तुतः रक्त शरीरात फिरून पुन्हा हृदयाकडे येते, ही गोष्ट युरोपीय वैद्यकात १६२८ पूर्वी सिद्ध झालेली नव्हती. तत्पूर्वी सुमारे चौदाशे वर्षे विद्वान वैद्य, विद्यापीठे आणि राजवैद्य वेगळीच आकृती मनात बाळगून रोग्यांवर उपचार करीत होते. प्रस्तुत लेखात या परिवर्तनाचा मागोवा घेतला असून, ते घडविणारा पुरावा नेमका कोणत्या स्वरूपाचा होता, या प्रश्नावर विशेष भर दिला आहे.

गॅलेनची व्यवस्था

इ.स. १२९ मध्ये पर्गामम येथे जन्मलेला गॅलेन हा ग्रीक वैद्य प्रारंभी ग्लॅडिएटर मल्लांचा आणि पुढे रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस याचा चिकित्सक होता. त्याला केवळ ग्रंथपंडित समजणे अन्यायाचे ठरेल. रोहिणींमध्ये हवा असते, हे पूर्वसूरींचे मत त्याने प्रयोगाने खोडून काढले. जिवंत प्राण्याची रोहिणी दोन ठिकाणी बांधून मधला भाग कापला असता आत रक्तच आढळते, हे त्याने दाखविले. मात्र मानवी शवविच्छेदनाची संधी त्याला जवळजवळ नव्हती. त्याचे बरेचसे ज्ञान माकडे, डुकरे व बैल यांच्या विच्छेदनातून आलेले होते.

त्याच्या मते अन्नरसाचे यकृतात रक्त होते. ते नीलांवाटे सर्व शरीरात जाते आणि पाटाचे पाणी शेतात जिरावे त्याप्रमाणे अवयवांत जिरून संपते. यकृत रोज नवे रक्त निर्माण करीत असल्यामुळे जुने परत येण्याची आवश्यकताच उरत नाही. थोडे रक्त हृदयाच्या उजव्या निलयात येते आणि दोन निलयांमधील पडद्यातील अदृश्य छिद्रांतून पाझरून डाव्या बाजूस जाते. तेथे फुप्फुसांकडून आलेल्या प्राणतत्त्वाशी त्याचा संयोग होतो व ते रोहिणींवाटे शरीरास चैतन्य देते.

येथे संज्ञांचा इतिहास लक्षात घेण्यासारखा आहे. हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी आणि हृदयाकडे आणते ती नीला, ही आजची व्याख्या प्रवाहाच्या दिशेवर आधारलेली आहे. रक्त फिरते हेच मान्य नसताना अशी व्याख्या संभवतच नव्हती. म्हणून उजव्या निलयातून फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाहिनीस त्या काळी ‘रोहिणीसदृश नीला’ आणि फुप्फुसांकडून येणारीस ‘नीलासदृश रोहिणी’ अशा अर्थाची लॅटिन नावे होती. भित्तिका एकीची आणि रक्त दुसरीचे, अशी ही अडचण होती. आजही फुप्फुसरोहिणीत अशुद्ध रक्त कसे, या प्रश्नावर विद्यार्थी अडखळतात. त्यांची अडचण नवी नाही.

छिद्रांविषयीचा संशय

निलयांमधील पडदा जाड व घट्ट आहे. तो कापून पाहिला असता छिद्रे दिसत नाहीत. हे स्पष्टपणे लिहिणारा पहिला ज्ञात ग्रंथकार म्हणजे दमास्कस येथे शिकलेला व पुढे कैरो येथे स्थायिक झालेला इब्न अल्-नफीस (मृत्यू १२८८) होय. इब्न सिनाच्या ‘कानून’मधील शरीररचनेवर १२४२ मध्ये लिहिलेल्या भाष्यात त्याने छिद्रांचे अस्तित्व नाकारले आणि उजव्या निलयातील रक्त फुप्फुसांमधूनच डाव्या बाजूस गेले पाहिजे, असे प्रतिपादन केले. या हस्तलिखिताचे महत्त्व १९२४ मध्ये अल्-तातावी या इजिप्शियन डॉक्टरच्या जर्मनीतील प्रबंधामुळे आधुनिक अभ्यासकांच्या ध्यानी आले. तोपर्यंत युरोपात लिहिल्या गेलेल्या वैद्यकाच्या इतिहासांत या शोधाचे श्रेय अन्य नावांना दिले जात होते.

ती नावे सोळाव्या शतकातील होती. व्हेसेलियसने १५४३ च्या आपल्या महाग्रंथात पडद्यातून रक्त पाझरविणाऱ्या विधात्याच्या कौशल्याबद्दल काहीशा तिरकस शब्दांत आश्चर्य व्यक्त केले, आणि १५५५ च्या आवृत्तीत संशय अधिक उघडपणे मांडला. मायकेल सर्व्हेटसने १५५३ मध्ये एका धर्मशास्त्रीय ग्रंथात फुप्फुसमार्गे होणारे अभिसरण वर्णिले. त्याच वर्षी २७ ऑक्टोबर रोजी जिनिव्हा येथे त्याला पाखंडाच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. त्याच्या ग्रंथाच्या केवळ तीन प्रती आज अवशिष्ट आहेत. हा मृत्युदंड त्रैक्याविषयीच्या व बाप्तिस्म्याविषयीच्या त्याच्या मतांसाठी होता, रक्ताविषयीच्या मतांसाठी नव्हे. लोकप्रिय लेखनात हा भेद अनेकदा पुसला जातो. पुढे रिआल्दो कोलंबो याचे याच आशयाचे प्रतिपादन १५५९ मध्ये प्रसिद्ध झाले.

तथापि या सर्वांनी गॅलेनच्या व्यवस्थेतील एक दुवा बदलला. व्यवस्था बदलली नाही. यकृतात रक्त निर्माण होते व अवयवांत संपते, ही मूळ कल्पना कायमच राहिली.

विल्यम हार्वे : ‘किती?’ हा प्रश्न

विल्यम हार्वेचा जन्म १ एप्रिल १५७८ रोजी इंग्लंडमधील फोकस्टन येथे झाला. केंब्रिज येथील शिक्षणानंतर तो इटलीतील पादुआ विद्यापीठात गेला आणि १६०२ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन परतला. पादुआत त्याचा गुरू फॅब्रिसियस हा नीलांमधील झडपांचा अभ्यास करीत होता. या विषयावरील त्याचा ग्रंथ १६०३ मध्ये प्रकाशित झाला. झडपा त्याने अचूक रेखाटल्या. त्यांचे कार्य मात्र चुकीचे सांगितले. रक्त हातापायांत एकदम साचू नये म्हणून झडपा त्याचा वेग कमी करतात, असे त्याचे मत होते. रक्त नीलांमधून बाहेरच्या दिशेने वाहते, हे गृहीत धरल्यावर दुसरे कोणते उत्तर संभवत होते? त्याच काळात गॅलिलिओ पादुआतच गणित शिकवीत होता. केवळ या योगायोगावरून हार्वेच्या गणिती दृष्टीचे मूळ तेथे शोधणे मात्र घाईचे होईल.

१६१५ मध्ये हार्वेची लंडनच्या वैद्य महाविद्यालयात व्याख्याता म्हणून नियुक्ती झाली. तो प्रथम जेम्स व पुढे प्रथम चार्ल्स यांचा राजवैद्य होता. प्राण्यांच्या हृदयांचे दीर्घकाळ निरीक्षण करून १६२८ मध्ये त्याने फ्रँकफर्ट येथून हृदय व रक्त यांच्या गतीविषयीचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ अवघा ७२ पृष्ठांचा असून छपाईच्या चुकांनी भरलेला होता.

त्यातील निर्णायक भाग मोजणीचा आहे. डाव्या निलयात सुमारे दोन औंस रक्त मावते, असे त्याला आढळले होते. प्रत्येक ठोक्यास यातील किती बाहेर पडते, हे निश्चित सांगता येत नसल्यामुळे त्याने मुद्दाम कमी कमी आकडे घेतले. समजा, केवळ अर्धा औंस बाहेर पडतो आणि अर्ध्या तासात हृदयाचे एक हजार ठोके होतात. तर अर्ध्या तासात ५०० औंस, म्हणजे सुमारे १५ किलो रक्त महारोहिणीत जाते. एवढे रक्त संपूर्ण शरीरातही नसते आणि एवढे नवे रक्त कोणत्याही आहारातून निर्माण होणे शक्य नसते. झडपांमुळे ते मागे फिरू शकत नाही. मग ते जाते कोठे? तेच रक्त पुन्हा येते, हे एकच उत्तर उरते.

आजच्या मापनांशी तुलना केल्यास हार्वेचे आकडे फारच कमी होते. विश्रांत अवस्थेतील प्रौढ व्यक्तीचे हृदय एका ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. मिनिटास सुमारे ७२ ठोके धरल्यास हे प्रमाण ५ लिटर, म्हणजे जवळजवळ शरीरातील एकूण रक्ताइतके होते आणि अर्ध्या तासात ते १५० लिटर भरते. हार्वेचे उत्तर सुमारे दहापट चुकले होते. तरीही युक्तिवाद ढळत नाही, कारण आकडा अचूक असण्यावर तो अवलंबूनच नव्हता. सर्वांत प्रतिकूल आकडा घेऊनही गॅलेनची व्यवस्था टिकत नाही, एवढेच दाखवावयाचे होते.

बांधलेला दंड

मोजणीला हार्वेने प्रयोगांची जोड दिली. सापाच्या उघड्या हृदयाशी येणारी महानीला चिमटीत धरली की हृदय फिके पडून रिकामे होते. महारोहिणी धरली की ते फुगते. मानवी दंडावरचा प्रयोग अधिक सोपा होता. दंड अतिशय घट्ट बांधला असता हात थंड पडतो आणि मनगटाची नाडी लागत नाही. बंध किंचित सैल केला की नाडी परत येते. परंतु आता बंधाच्या खालच्या नीला टम्म फुगतात. घट्ट बंध खोलवरच्या रोहिणी व वरच्या नीला दोन्ही बंद करतो. सैल बंध फक्त नीला बंद करतो. म्हणजे रक्त रोहिणींनी हातात उतरते आणि नीलांनी परत चढते. फुगलेल्या नीलेवर बोट ठेवून रक्त पंजाच्या दिशेने लोटू पाहिले तर झडपेपाशी ते अडते. हृदयाच्या दिशेने मात्र सहज सरकते. ग्रंथातील या प्रयोगाच्या आकृत्या फॅब्रिसियसच्याच ग्रंथातील चित्रांवरून तयार केलेल्या आहेत. ज्या झडपांचे कार्य गुरूने वेगळे सांगितले, त्याच झडपा शिष्याचा पुरावा ठरल्या. अभिसरणाची कल्पना या झडपांवरूनच सुचली, असे हार्वेने सांगितल्याचे रॉबर्ट बॉइल याने नोंदविले आहे.

तपासणीसाठी रक्त घेताना परिचारिका दंडावर पट्टा बांधते तो हार्वेचा सैल बंध होय. रक्तदाब मोजताना हवेने फुगविलेला पट्टा नाडी लागेनाशी होईपर्यंत आवळला जातो तो त्याचा घट्ट बंध होय. बहुतांश पाठ्यपुस्तकांत या दोन कृती ‘कौशल्य’ या भागात आणि रक्ताभिसरण ‘सिद्धांत’ या भागात असते. दोहोंमधील नाते क्वचितच सांगितले जाते. वर्गात कोणत्याही उपकरणाविना पडताळता येईल असा हा पुरावा असताना केवळ बाणांची आकृती पाठ करून घेतली जावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

उरलेली फट

हार्वेच्या सिद्धांतात एक मोठी उणीव होती. रोहिणीतील रक्त नीलेत कोणत्या मार्गाने जाते, हे त्याने कधीच पाहिले नाही. मांसातील सूक्ष्म मार्गांनी ते जात असावे, एवढेच तो म्हणू शकला. तेव्हा गॅलेनची अदृश्य छिद्रे त्याज्य आणि हार्वेचे अदृश्य मार्ग ग्राह्य का, असा आक्षेप योग्यच म्हणावा लागेल. दोहोंतील भेद असा की, गॅलेनची छिद्रे व्यवस्था सावरण्यासाठी कल्पिलेली होती आणि ती जेथे असावयास हवी तो पडदा कापून पाहता येत होता. हार्वेचे मार्ग मोजणीने व बंधाच्या प्रयोगाने अपरिहार्य ठरविले होते. पाहण्याचे साधन तेवढे नव्हते. ते साधन मिळाल्यावर १६६१ मध्ये बोलोन्या येथील मार्चेलो मालपिगी याने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या. हार्वेचे निधन ३ जून १६५७ रोजी झाले होते.

दरम्यान विरोधही झाला. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर हार्वेकडे येणारे रोगी कमी झाले, असे त्याचा परिचित जॉन ऑब्री याने लिहून ठेवले आहे. देकार्तने १६३७ मध्ये अभिसरण मान्य केले, परंतु हृदयाची गती उष्णतेमुळे होते असे मानले. पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेचा विरोध सर्वांत चिवट होता. तेथील झाँ रिओलाँ याला हार्वेने १६४९ मध्ये लेखी उत्तर दिले. मोल्येरने १६७३ च्या आपल्या नाटकात अभिसरण नाकारणाऱ्या वैद्याची थट्टा केली. त्यावेळी हा वाद रंगभूमीवर हशा पिकविण्याइतका जुना झाला होता.

रोग्याच्या शय्येपाशी

सिद्धांत स्वीकारला गेला. उपचार मात्र बदलला नाही. रक्त अवयवांत साचते व कुजते, या जुन्या समजावर रक्तमोक्षणाची प्रथा उभी होती. तेच रक्त सतत फिरत असेल, तर अमुक नीलेतून काढल्याने अमुक अवयवाचा दोष जातो, हे म्हणणे लंगडे पडते. तरी स्वतः हार्वे रोग्यांचे रक्त काढीतच राहिला. १४ डिसेंबर १७९९ रोजी मृत्यू पावलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांचे त्या एका दिवसात अनेकदा रक्त काढण्यात आले होते. १८३३ या एका वर्षात फ्रान्सने चार कोटींहून अधिक जळवा आयात केल्या.

या प्रथेला पहिला गंभीर धक्का पुन्हा मोजणीनेच बसला. पॅरिसमधील पिएर लुई याने न्यूमोनियाच्या ७७ रोग्यांच्या नोंदी तपासल्या. आजाराच्या पहिल्या चार दिवसांत रक्त काढलेल्या ४१ जणांपैकी १८ दगावले होते. त्यानंतर काढलेल्या ३६ जणांपैकी ९. दोन्ही गटांतील रोग्यांची वये सारखी नव्हती, याची त्याला जाणीव होती. म्हणून रक्तमोक्षणाचा उपयोग समजला जातो त्यापेक्षा पुष्कळच मर्यादित आहे, एवढाच सावध निष्कर्ष त्याने काढला. त्याचा पहिला निबंध १८२८ मध्ये, हार्वेच्या ग्रंथानंतर बरोबर दोनशे वर्षांनी प्रसिद्ध झाला. त्यानंतरही ही प्रथा मागे पडण्यास एकोणिसाव्या शतकाचा उरलेला बराचसा काळ लागला.