शातो गायार

शातो गायार : फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात, सेन नदीच्या वळणावर, लेझांदली गावाच्या माथ्यावरील पडका मध्ययुगीन किल्ला. इंग्लंडचा राजा व नॉर्मंडीचा ड्यूक पहिला रिचर्ड (सिंहहृदयी) याने तो 1196 ते 1198 या काळात बांधला. फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपची रूआं शहराकडची वाट अडवणे हा त्यामागचा हेतू होता. रिचर्डच्या मृत्यूनंतर, 6 मार्च 1204 रोजी, कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर फिलिपने तो जिंकला आणि त्याच वर्षी रूआंही पडले. हा वेढा इतका गाजला की पाहायला येणारा माणूस समोरच्या प्रत्येक ढासळलेल्या भिंतीत 1204 शोधतो. तो समज बहुतांशी चुकीचा आहे. आज दिसणारी पडझड मुख्यतः शांततेच्या काळातील राजाज्ञेची आहे.

वेढ्यात तटाची हानी झालीच नाही, असे मात्र नाही. फिलिपच्या माणसांनी तटाखाली भुयारे खणून बाहेरच्या कोटाचा बुरूज पाडला आणि शेवटी आतल्या तटालाही खिंडार पाडले. पण किल्ला निकामी झाला असता, तर पुढची दोन-तीन शतके तो कोणाच्या उपयोगी पडला नसता. प्रत्यक्षात स्कॉटलंडचा परागंदा राजा दुसरा डेव्हिड 1334 पासून काही वर्षे येथे राहिला आणि शतवार्षिक युद्धात 1419 मध्ये इंग्रजांना तो घेण्यासाठी पुन्हा दीर्घ वेढा घालावा लागला. मोडकळीस आलेल्या किल्ल्यासाठी कोणी एवढी शिबंदी अडकवून ठेवत नाही. यावर असा आक्षेप घेता येईल, की 1573 च्या सुमारास किल्ला ओसाड आणि पडकाच होता, मग राजाज्ञेने वेगळे काय केले? ओसाडी आणि दुर्लक्षाचा वाटा मान्य करायलाच हवा. तरीही डागडुजी करून कोणी त्याचा आश्रय घेईल ही भीती खरी होती, म्हणूनच फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने 1599 मध्ये तो पाडण्याचा हुकूम दिला. कापुचिन भिक्षूंना आपल्या मठांसाठी येथील दगड नेण्याची परवानगी मिळाली. पाडकाम 1611 मध्ये थांबले.

म्हणून हे अवशेष पाहताना आधी बालेकिल्ला आणि त्याभोवतीचा तट पाहावा. या तटाच्या बाहेरच्या अंगाला ओळीने काढलेले अर्धवर्तुळाकार फुगवटे आहेत आणि आतल्या बालेकिल्ल्याची भिंत शत्रू येण्याच्या दिशेला चोचीसारखी निमुळती केली आहे. रिचर्डच्या दुर्गरचनेची कल्पना येथेच सर्वांत स्पष्ट येते. वेढ्याची सर्वांत भीषण बाजू मात्र दगडात उरलेली नाही. गडात आश्रयाला आलेल्या गावकऱ्यांना अन्न पुरेना, तेव्हा किल्लेदार रॉजर द लेसी याने त्यांना बाहेर काढले. पहिल्या जमावांना फ्रेंचांनी जाऊ दिले, पुढच्यांना अडवले. हिवाळ्यात दोन्ही सैन्यांच्या मधोमध अडकलेली अनेक माणसे भुकेने आणि थंडीने मेली. तट आणि बुरूज यांच्याइतकीच खंदकापलीकडची ही उघडी उतरणही पाहणाऱ्याने थांबून पाहावी. 1862 पासून शातो गायार फ्रान्सचे संरक्षित ऐतिहासिक स्मारक आहे.