परदेशात शिकायला जाताय? लॅपटॉप इथून न्यायचा की तिकडे घ्यायचा?

आमच्या चांदूर रेल्वेतून कोणी बाहेर शिकायला निघालं, की मला एक मेसेज हमखास येतो : "दादा, लॅपटॉप इथूनच घेऊ का तिकडे गेल्यावर?" मी जर्मनीला जाताना अमरावतीहून घेतला होता. चौथ्या महिन्यात स्क्रीन गेली, आणि तेव्हा कळलं की वॉरंटी फक्त भारतापुरती होती. परीक्षेपर्यंत लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर दिवस काढले. तुमच्यावर ती वेळ नको, म्हणून हे मुद्दे.

१. वॉरंटी : दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या मॉडेलची वॉरंटी त्या देशात चालते का, ते बघा आणि कस्टमर केअरकडून ईमेलवर लिहून घ्या. पक्कं बिल जपून ठेवा.

२. चार्जर : अडॅप्टरवर 'इनपुट १००-२४० व्होल्ट' छापलेलं असेल, तर अमेरिकेच्या १२० व्होल्टवरही चालतो. वेगळा कन्व्हर्टर लागत नाही, फक्त पिन बदलते. अडॅप्टरपासून भिंतीपर्यंतची वायर सुटी होत असेल, तर तिकडे तेवढीच वायर घ्या.

३. कीबोर्ड : जर्मन लॅपटॉपवर वाय आणि झेड यांची जागा उलटी असते. ब्रिटिश कीबोर्डवर ॲटचं चिन्ह दुसरीकडे असतं. अमेरिकेतला कीबोर्ड मात्र साधारण आपल्यासारखाच. मराठी टायपिंगची काळजी नको. विंडोजच्या लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी जोडता येतं.

४. किंमत : अमेरिकेत दुकानातल्या किमतीत बहुधा सेल्स टॅक्स धरलेला नसतो, तो बिलात वाढतो. जर्मनीत लावलेल्या किमतीत १९ टक्के व्हॅट आधीच असतो. तुलना शेवटच्या आकड्याची करा.

५. कोर्स : आधी विद्यापीठाने सांगितलेली सॉफ्टवेअर्स बघा. मेकॅनिकलवाल्यांचं सॉलिडवर्क्स विंडोजसाठीच आहे. मॅकबुक घेऊन बसलात तर पंचाईत. रॅम १६ जीबी घ्या, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती नंतर वाढवता येत नाही.

६. विमान : लॅपटॉप केबिन बॅगेतच ठेवा. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही. पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका. भारतात परतताना १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो.

मग घ्यायचा कुठे? त्या देशात चालणारी वॉरंटी मिळत असेल, तर इथूनच घ्या आणि निघण्याआधी महिनाभर वापरा. खोट असेल तर इथेच कळेल. वॉरंटी नसेल, तर घरचा जुना लॅपटॉप सोबत न्या आणि नवीन तिकडे घ्या. शैक्षणिक कर्जातून घेणार असाल, तर त्यात लॅपटॉप बसतो का आणि बिल कुठलं चालतं, हे बँकेत आधी विचारा. आईबाबांचे पैसे आहेत, घाई करू नका.